घन रसायन ऑक्सिडायझर आहे का? डीएससी, टीजीए आणि ढिगाची चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावच्या एमआयडीसीत मी उष्मा-विश्लेषणाची दोन मशीनं सांभाळतो, एक डीएससी (तापवताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारं) आणि एक टीजीए (तापवताना वजन किती घटतं ते मोजणारं). नमुना घेऊन येणाऱ्यांमध्ये कारखान्यांचे क्यूसीवाले, म्हणजे दर्जा तपासणारे, असतात, प्रोजेक्टवाली पोरं असतात आणि उन्हाळा तापू लागला की विद्राव्य खतांचे गोदामवालेही येतात. प्रश्न बहुतेक तेच ते. फोनवर दरवेळी नव्याने सांगण्यापेक्षा इथे लिहून ठेवतो.

"दादा, हाई जळस का नही, तितलंच सांगा."

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि तोच चुकीचा आहे. ऑक्सिडायझर, म्हणजे पाठ्यपुस्तकातला ऑक्सिडीकारक, बहुतेक वेळा स्वतः जळतच नाही. तो शेजारच्याला जाळतो. आपल्या पोटातला ऑक्सिजन तो लाकडाला, कापसाला, गोणीला, डिझेलला देतो, आणि एरवी धुमसणारी आग भडकून उठते. शुद्ध पोटॅशियम नायट्रेट चमच्यात घेऊन तापवलं तर ते नुसतं वितळतं. हाच तो सोरा. आमच्या आजोबांच्या पिढीला सोरा, गंधक, कोळसा हे त्रिकूट तोंडपाठ होतं, पण त्यात नुसत्या सोऱ्याला कोणी घाबरत नसे.

म्हणून विचारायचं ते असं: हा पदार्थ दुसऱ्या जळणाऱ्या वस्तूत मिसळला, तर ती किती जोरात जळते?

मग अधिकृत चाचणी कोणती?

संयुक्त राष्ट्रांच्या चाचण्या व निकषांच्या पुस्तिकेत विभाग ३४ मध्ये ती दिली आहे. घन पदार्थांसाठी दोन चाचण्या आहेत, ओ.१ आणि ओ.३. द्रवांसाठी ओ.२ आहे, ती दाब मोजणारी वेगळी भानगड आहे, इथे नको.

ओ.१ मध्ये नमुना आणि कोरडं सेल्युलोज, म्हणजे कापसाचा मुख्य घटक, वजनाने ४:१ आणि १:१ या दोन प्रमाणांत मिसळतात. ३० ग्रॅमचा शंकूसारखा ढीग करतात, तळाचा व्यास ७० मिलिमीटर. ढिगाखाली निकेल-क्रोमियमच्या तारेचं वेटोळं असतं, त्यात १५० वॅटचा प्रवाह सोडतात. प्रवाह सुरू केल्यापासून ज्योत आणि निखारा संपेपर्यंतचा वेळ घड्याळावर धरतात. तीन मिनिटं तार तापूनही पेट घेतला नाही, तर 'पेटला नाही' अशी नोंद होते. प्रत्येक प्रमाणाचे पाच ढीग.

तुलना पोटॅशियम ब्रोमेट आणि सेल्युलोजच्या मिश्रणांशी होते. ३:२ मिश्रणापेक्षा तुमचं मिश्रण लवकर जळलं तर पॅकिंग ग्रुप १ (वाहतुकीतला सर्वांत धोक्याचा गट), २:३ इतक्या किंवा त्याहून कमी वेळात जळलं तर ग्रुप २, ३:७ इतक्या किंवा त्याहून कमी वेळात जळलं तर ग्रुप ३. त्याहून संथ असेल किंवा पेटतच नसेल, तर तो पदार्थ विभाग ५.१ मध्ये, म्हणजे ऑक्सिडायझरच्या वर्गात, बसत नाही.

ओ.३ ची बैठक तीच, फक्त ढीग तराजूवर असतो. एकूण जितकं वजन घटतं, त्यातली २० ते ८० टक्के घट किती वेगाने झाली ते ग्रॅम प्रति सेकंदात काढतात. संदर्भाला ब्रोमेटऐवजी कॅल्शियम पेरॉक्साइड, सेल्युलोजबरोबर ३:१, १:१ आणि १:२. ओ.१ मधली खरी कटकट म्हणजे ज्योत संपली कधी ते माणसाच्या डोळ्याने ठरतं. दोघं घड्याळ धरून बसले तर दोघांचे आकडे वेगळे. शिवाय पोटॅशियम ब्रोमेट कर्करोगकारक मानलं जातं. एकेकाळी पाव फुगवायला ते सर्रास टाकत, २०१६ मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली. मला विचाराल तर नवीन काम ओ.३ नेच करावं.

एवढी चाचणी आहे, तर डीएससी कशाला?

ढिगाच्या चाचणीला दोन्ही प्रमाणांचे पाच-पाच ढीग धरले तरी जवळपास २०० ग्रॅम नमुना लागतो. संशोधनातल्या नव्या पदार्थाचे कित्येकदा एकूण दोन ग्रॅमच हातात असतात. आणि अनोळखी पूड सेल्युलोजमध्ये मिसळून तिचा ३० ग्रॅमचा ढीग पेटवायचा म्हणजे डोळे मिटून रूळ ओलांडण्यासारखं आहे. डीएससीत दोन-तीन मिलिग्रॅम लागतात. काही वाईट घडायचंच असेल, तर ते शेंगदाण्याएवढ्या बंद क्रुसिबलमध्ये, म्हणजे नमुन्याच्या वाटीत, घडतं.

डीएससीने वर्गीकरण होत नाही. ढीग पेटवायचा की नाही, पेटवायचा तर किती अंतरावर उभं राहून, हे कळतं. या दोन वाक्यांत ज्यांचं काम भागलं, त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

डीएससीच्या आलेखात नेमकं बघायचं काय?

पोटॅशियम नायट्रेटचंच उदाहरण घेतो. केळीला ठिबकमधून सोडतात ते १३-०-४५ खत हेच, म्हणजे खान्देशात कोणाला अनोळखी नाही.

नुसतं पोटॅशियम नायट्रेट क्रुसिबलमध्ये ठेवलं आणि मिनिटाला ५ अंशांनी तापवत नेलं, तर १३० अंशांच्या आसपास एक छोटा उष्माग्राही (उष्णता शोषल्याचा) खळगा दिसतो. तिथे स्फटिकाची रचना बदलते. मग रेषा सरळ. ३३४ अंशांच्या आसपास दुसरा, मोठा खळगा, तो वितळण्याचा. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. उष्मादायी, म्हणजे उष्णता सोडल्याचा, उंचवटा म्हणून कुठे दिसत नाही. एवढा साळसूद आलेख बघून एका क्यूसीवाल्याने मला लगेच विचारलं होतं, "म्हणजे हे सेफ ना?"

आता तेच नायट्रेट सेल्युलोजमध्ये मिसळून बंद क्रुसिबलमध्ये तापवायचं. १३० चा खळगा तिथेच असतो, त्याला कशाशी देणंघेणं नाही. पण सेल्युलोज तुटायला लागतं त्या पट्ट्यात, तीनशेच्या पुढे, रेषा वर उचलली जाते आणि ताडासारखं पीक, म्हणजे उष्णतेचा सुळका, उभं राहतं. वितळण्याचा खळगा त्यात कुठे हरवला ते शोधावं लागतं.

तीन रेषा एकाच कागदावर काढा: नुसता नमुना, नुसतं सेल्युलोज आणि मिश्रण. नुसत्या सेल्युलोजची रेषा वगळू नका, कारण बंद क्रुसिबलमध्ये सेल्युलोज तुटतानाही स्वतःची थोडी उष्णता सोडतं. उघड्या पॅनमध्ये मात्र त्याचा खळगा दिसतो, वाफा निघून जातात म्हणून. मिश्रणाच्या उष्णतेतून सेल्युलोजचा वाटा वजा केल्यावर जे उरतं, ते ऑक्सिडायझरचं काम. त्यानंतर दोन गोष्टी बघायच्या. पीक किती लवकर सुरू होतं आणि किती निमुळतं आहे. पोटॅशियम परमँगनेटचं, विहिरीत टाकायचो त्या जांभळ्या औषधाचं, सेल्युलोजबरोबरचं पीक नायट्रेटच्या बरंच आधी उगवतं. ढिगातही ते नायट्रेटपेक्षा चढ ठरतं. वाहतुकीत परमँगनेट ग्रुप २ मध्ये आहे, पोटॅशियम नायट्रेट ग्रुप ३ मध्ये.

संदर्भ पदार्थ डीएससीतही चालवायचा का?

चालवायचाच. आपल्या मशीनवर, आपल्या क्रुसिबलमध्ये, त्याच दिवशी. दुसऱ्याच्या पेपरातला आकडा उचलून आपल्या आलेखाशेजारी ठेवायचा नाही.

सेल्युलोजच का? आमच्या जिनिंगमधली रुई वापरली तर?

प्रश्न गमतीने विचारतात, पण चांगला आहे. स्वच्छ कापूस नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोजच असतो. म्हणजे चाचणीतलं इंधन आणि आपल्या भागातल्या जिनच्या आवारात उडणारं इंधन एकच. पण चाचणीसाठी तंतूची लांबी ५० ते २५० मायक्रोमीटर आणि सरासरी जाडी २५ मायक्रोमीटर हवी. रुईचा धागा इंच-इंच लांब, तो पुडीत एकसारखा मिसळत नाही, गुंता होतो. शिवाय सरकीचं तेल आणि कचरा असतोच.

सेल्युलोज २५ मिलिमीटरपेक्षा जाड न पसरता १०५ अंशांवर किमान चार तास वाळवायचं आणि वापरेपर्यंत डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवायचं. ओलावा अर्ध्या टक्क्याच्या आत हवा. मे महिन्यात इथे हवा इतकी कोरडी असते की हे आपोआप जमतं असं वाटू लागतं. जुलैत तीच बाटली झाकण उघडं ठेवून चहाला गेलात, तर परत आल्यावर आकडे घसरलेले असतात.

क्रुसिबल उघडं की बंद? नायट्रोजन की हवा?

बंद, आणि नायट्रोजन. आपल्याला बघायचं आहे की नमुना सेल्युलोजला ऑक्सिजन देतो का. बाहेरून हवा सोडली तर सेल्युलोज हवेवरच जळेल आणि श्रेय नमुना घेऊन जाईल. उघड्या पॅनमध्ये उलटी फसवणूक होते. सेल्युलोजच्या ज्वलनशील वाफा नायट्रोजनबरोबर उडून जातात, ऑक्सिडायझरला जाळायला काही उरत नाही आणि पीक बुटकं येतं.

क्रुसिबल हवेत बंद केलं तर आत अडकलेली हवाही हिशेबात धरा. ४० मायक्रोलिटर हवेत ऑक्सिजन सुमारे ०.०११ मिलिग्रॅम. तो सगळा ज्वलनात गेला तर ०.१५ जूलच्या आसपास उष्णता. नमुना २ मिलिग्रॅमचा असेल, तर ग्रॅममागे ७० जूलपर्यंत खोटी भर. जोरदार ऑक्सिडायझरच्या पिकापुढे ती काहीच नाही, पण सीमेवरच्या नमुन्यात निकाल फिरू शकतो. शक्य असेल तर झाकण नायट्रोजन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, लावा.

मिश्रण कसं करायचं? खलात घोटू का?

नाही. नाही. आणि क्लोरेट असेल तर तिसऱ्यांदा नाही. ऑक्सिडायझर आणि इंधन एकत्र घोटायचं नसतं, घर्षणाने पेट घेतो. दोन्ही वेगवेगळे दळायचे, वेगवेगळे चाळायचे आणि मग गुळगुळीत कागदावर पिसाने किंवा लाकडी चपट्या काडीने हलक्या हाताने फिरवायचे. एका वेळी शंभर-दोनशे मिलिग्रॅमच्या वर मिश्रण करू नका, उरलेलं भरपूर पाण्यात टाका. गंधक, फॉस्फरस, धातूची पूड यांच्या जवळपास हे काम करायचं नाही.

बारीक दळण्याचं महत्त्व आकड्यांतूनच कळेल. अर्धा मिलिमीटर बाजूचा नायट्रेटचा एक खडा पाव मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. २ मिलिग्रॅमच्या ४:१ मिश्रणात नायट्रेट १.६ मिलिग्रॅम, म्हणजे सहा खडे! एक खडा इकडचा तिकडे झाला की प्रमाणच बदललं. म्हणून बारीक चाळणी, आणि एका मिश्रणाचे किमान तीन वेगवेगळे नमुने. तिघांची उष्णता एकमेकांच्या जवळ येत नसेल, तर सरासरी काढून गप्प बसू नका, पुन्हा मिसळा.

ढिगाच्या चाचणीतही कणांच्या आकाराला असाच मान आहे. वाहतुकीला निघणाऱ्या मालात ५०० मायक्रोमीटरपेक्षा बारीक पूड १० टक्क्यांहून जास्त असेल, किंवा माल सहज चुरा होणारा असेल, तर पूर्ण नमुना दळूनच तपासतात.

४:१ आणि १:१ हीच प्रमाणं का?

सेल्युलोजच्या एका घटकाला पूर्ण जळायला ऑक्सिजनचे १२ अणू बाहेरून लागतात. नायट्रेटमधला नायट्रोजन वायू होऊन सुटतो असं धरून हिशेब केला, तर पोटॅशियम नायट्रेटचं वजन सेल्युलोजच्या सुमारे तिप्पट येतं. पोटॅशियम क्लोरेटचंही तिप्पटच, ब्रोमेटचं चौपटीच्या किंचित वर. बरेच नेहमीचे ऑक्सिडायझर ४:१ आणि १:१ या दोन खुंट्यांच्या मधे किंवा जवळ बसतात, आणि दोन्हीपैकी जो निकाल वाईट तो धरतात. डीएससीतही दोन्ही प्रमाणं चालवा. नुसत्या १:१ वर थांबलेले अहवाल माझ्याकडे येतात, ते अर्धवट समजावेत.

साधं ॲल्युमिनियमचं पॅन चालेल का? स्वस्त पडतं.

याचं उत्तर मी पैसे मोजून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत साध्या ॲल्युमिनियम पॅनमध्ये, झाकण नुसतं दाबून, आठ मिलिग्रॅम मिश्रण चढवलं. तीनशेच्या पुढे रेषा वर जाता जाता एकदम खाली कोसळली आणि मशीनमधून टिचकी मारल्यासारखा आवाज आला. भट्टी गार झाल्यावर झाकण काढून पाहिलं तर पॅनचं झाकण उडून कडेला पडलेलं, आणि सेन्सरवर काजळीचा आणि पांढऱ्या क्षाराचा लेप. पुण्याहून इंजिनिअर येईपर्यंत नऊ दिवस मशीन बंद. दोष मशीनचा नव्हता, माझ्या आठ मिलिग्रॅमचा आणि स्वस्त पॅनचा होता.

आत सोन्याचा मुलामा दिलेलं उच्चदाबाचं स्टील क्रुसिबल वापरा. ॲल्युमिनियम आणि तप्त ऑक्सिडायझर यांची आपसांतही प्रक्रिया होऊ शकते, मग पीक कोणाचं तेच कळत नाही. वस्तुमान १ ते ३ मिलिग्रॅम. पहिला रन कायम सगळ्यांत कमी वजनाचा.

टीजीएचा काय उपयोग?

तापवताना वजन किती आणि कधी घटतं ते कळतं. नुसत्या नमुन्याचा टीजीए केला तर तो कोणत्या तापमानाला वायू सोडायला लागतो ते दिसतं. मुख्य म्हणजे, बाटलीवर जे लिहिलं आहे तेच आत आहे का हेही कळतं. कॅल्शियम नायट्रेटच्या टेट्राहायड्रेटमध्ये ३०.५ टक्के पाणी असतं. टीजीएत तेवढी पायरी दिसली नाही, तर माल वेगळा आहे किंवा वाळलेला आहे. मिश्रणाचा टीजीए उघड्या पॅनमध्येच होतो, त्यामुळे वर सांगितलेली वाफा उडून जाण्याची अडचण तिथे राहतेच.

मोठं उष्मादायी पीक आलं, म्हणजे ऑक्सिडायझर पक्का?

नाही, आणि ही चूक धोक्याची आहे. पीक नुसत्या नमुन्यातच आलं असेल, तर तो पदार्थ स्वतःच विघटन होऊन उष्णता सोडतो आहे. सेंद्रिय नायट्रो संयुगं, पेरॉक्साइडं, डायझो संयुगं यांत असं होतं. विघटनाची उष्णता ग्रॅममागे ३०० जूल किंवा जास्त असेल, तर स्वयं-अभिक्रियाशील पदार्थांचा विचार करावा लागतो. ५०० च्या पुढे गेली आणि सुरुवात ५०० अंशांच्या आत असेल, तर स्फोटक गुणधर्मांचा. असा नमुना ढिगात घालून तारेने पेटवायचा नसतो. आधी त्या चाचण्यांचा सल्ला घ्यायचा. डीएससीने वाचवलेलं सगळ्यांत मोठं काम माझ्या मते हेच.

आलेखावरून पॅकिंग ग्रुप लिहून द्याल का?

नाही देणार. डीएससी उष्णता मोजतं, ग्रुप जळण्याच्या वेगावर ठरतो. ढिगात कणाकणांत हवा असते, ज्योत पुढे सरकते, काही पदार्थ वितळून सेल्युलोजला वेढतात, काही फुगून तारेपासून दूर होतात. क्रुसिबलमध्ये यातलं काहीच होत नाही. दोन पदार्थांची उष्णता सारखी असून एकाचा ढीग भसकन जळावा आणि दुसऱ्याचा धुमसत राहावा, असं होऊ शकतं. अहवालात मी लिहितो ते इतकंच: संदर्भ पदार्थाच्या तुलनेत लवकर की उशिरा, जास्त की कमी, आणि ढिगाची चाचणी करावी की नाही. एसडीएसच्या, म्हणजे मालासोबतच्या सुरक्षा-माहितीपत्रकाच्या, विभाग ९ मध्ये ही माहिती टाकता येते. विभाग १४ मधला वाहतुकीचा वर्ग त्यावरून भरू नका.

प्रत्येक पदार्थाची चाचणी करावीच लागते का?

नाही. सेंद्रिय पदार्थात ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरिन यांपैकी काहीच नसेल, किंवा असूनही ते फक्त कार्बनला किंवा हायड्रोजनला जोडलेले असतील, तर सूट आहे. साखर, ॲस्पिरिन त्यात बसतात. असेंद्रिय पदार्थात ऑक्सिजन किंवा हॅलोजन नसेल तरी सूट. आता मिठात क्लोरिन आहे म्हणून कोणी मिठाचा ढीग पेटवायला निघालं, तर त्याला रोखायला नियम नाही, अक्कल लागते. क्लोराइडकडे द्यायला ऑक्सिजनच नाही.

नेहमीच्या रसायनांचं वर्गीकरण आधीच झालेलं आहे. वाहतुकीच्या यादीतले त्यांचे यूएन क्रमांक असे: पोटॅशियम नायट्रेट यूएन १४८६, परमँगनेट यूएन १४९०, सोडियम नायट्राइट यूएन १५००. हे पुन्हा तपासून घ्यायला पैसे खर्च करू नका. मिश्रण केलं असेल तर मात्र तपासा.

आलेखात सुरुवात तीनशेला आहे. भुसावळच्या पत्र्याच्या शेडमध्ये ४६ अंश. म्हणजे अडीचशे अंशांची सोय आहे ना?

असं वजा करून उत्तर काढायचं नसतं. ऑनसेट, म्हणजे आलेखातली ही सुरुवात, ही पदार्थाची जन्मतारीख नव्हे. मिनिटाला ५ ऐवजी १० अंशांनी तापवा, ती पुढे सरकते. संवेदनशील मशीन लावा, मागे येते. वर सेल्युलोज शुद्ध होतं, तुमच्या शेडमध्ये सांडलेलं डिझेल, ग्रीस, लाकडी पॅलेट, रुईचा धुरळा आहे. आणि शेडमध्ये आग बहुतेक वेळा उन्हाने लागत नाही, वेल्डिंगच्या ठिणगीने, शॉर्ट सर्किटने किंवा बिडीने लागते. ऑक्सिडायझर पुढचं काम करतो.

उन्हाळ्याचे दुसरे परिणाम मात्र खरे आहेत. अमोनियम नायट्रेटची स्फटिकरचना ३२ अंशांच्या आसपास बदलते. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दिवसा त्याच्या वर आणि रात्री खाली, असं रोज होतं. प्रत्येक फेरीत दाणा फुगतो, आकसतो, शेवटी त्याची पूड होते आणि पोतं दगड बनतं. प्रयोगशाळेतले कॅल्शियम नायट्रेट टेट्राहायड्रेटचे स्फटिक ४३ अंशांच्या आसपास आपल्याच पाण्यात वितळतात. मे महिन्यात जळगावला ती बाटली खिडकीत ठेवली, तर संध्याकाळी आत पाक सापडतो. खताच्या दर्जाचं कॅल्शियम नायट्रेट हा वेगळा दुहेरी क्षार आहे. त्यात अमोनियम नायट्रेट १० टक्क्यांपर्यंत आणि स्फटिकजल किमान १२ टक्के असेल, तर वाहतुकीच्या नियमांतून त्याला सूट मिळते.

आम्ही रावेर-यावल भागात १३-०-४५ साठवतो. काय सांभाळायचं?

पोत्यावर वर्तुळावरच्या ज्योतीचं, म्हणजे ऑक्सिडायझरचं, चिन्ह आहे का बघा. असेल तर ते नक्षी म्हणून छापलेलं नाही. कापूस, सरकीची पेंड, केळीचे खोके, डिझेलचे कॅन आणि गंधकाची पोती यांच्यापासून वेगळी खोली, निदान वेगळी भिंत. लाकडी पॅलेटपेक्षा सिमेंटचा ओटा बरा. सांडलेलं खत लाकडाच्या भुशाने पुसायचं नाही.

आणि रिकाम्या गोण्या. ठिबकच्या टाकीजवळ खत विरघळवताना पाणी उडतं, खाली अंथरलेली तागाची गोणी भिजते, वाळते, पुन्हा भिजते. अशा गोणीचा तळहाताएवढा तुकडा एका केळी बागायतदार नानांनी मला आणून दिला होता. हाताला जरा कडक लागत होता, विणीत पांढरे बारीक कण. मागे, उघड्या जागेत, चिमट्यात धरून कोपऱ्याला तापलेली तार लावली. ज्योत आली नाही. कोपऱ्यातून लाल रेघ निघाली, स् स् असा आवाज करत विणीच्या धाग्यावरून सरकत गेली, आणि मोठी राख न पाडता दुसऱ्या टोकाला पोचली. शेजारी त्याच गठ्ठ्यातला, पण कोरा तागाचा तुकडा लावला होता, तो जेमतेम करपून विझला. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्या तर बैलांच्या अंगावर टाकतो आम्ही थंडीत."

त्यांच्या तुकड्याचं डीएससी मी नंतर केलं. १३० अंशांचा तो छोटा खळगा जागेवर होता. नायट्रेट असल्याची ती सहीच.

अशा मालाला आग लागली तर माती टाकायची का?

नाही. हवा तोडून ही आग विझत नाही, ऑक्सिजन तिच्या पोटात आहे. माती, फोम, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर इथे उपयोगाचे नाहीत. भरपूर पाणी, तेही सुरुवातीलाच आणि लांबून. तपकिरी धूर दिसला तर तो श्वासात जाऊ देऊ नका. साठा अमोनियम नायट्रेटचा असेल आणि आग मालापर्यंत पोचली असेल, तर विझवण्याच्या फंदात न पडता माणसं लांब काढायची. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचं काय झालं ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं आहे.

अमोनियम नायट्रेटचा नमुना आणला तर तपासाल का?

आधी फोन करा. त्याला २०१२ चे वेगळे नियम लागू आहेत. वजनाने ४५ टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेली मिश्रणंही त्यात येतात, आणि त्यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली पेसो, म्हणजे स्फोटकांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था, बघते. कागद नसलेली पिशवी मी टेबलावर ठेवून घेत नाही, ओळखीची असली तरी.

मशीन बरोबर चालतंय हे आम्ही कशावरून धरायचं?

इंडियम या धातूचा आलेख मागा, त्याचे आकडे पक्के ठाऊक आहेत. वितळणं १५६.६ अंशांवर, उष्णता ग्रॅममागे २८.५ जूलच्या आसपास. आपलं काम तीनशेच्या पुढे आहे, म्हणून जस्ताचाही मागा, ४१९.५ अंश. द्यायला कोणी का-कू केलं, तर नमुना परत घ्या.

कॉलेज प्रोजेक्टला हा विषय जमेल?

जमेल, डीएससीपुरता. नायट्रेटं घ्या, क्लोरेट आणि परक्लोरेट नको. एकाच नायट्रेटचे तीन कणआकार घेऊन पीक कसं हलतं ते बघा, तेवढ्यात एक चांगला प्रबंध होतो. ढीग पेटवण्याचा भाग गच्चीवर किंवा हॉस्टेलमागे करायचा नाही. गाइडला विचारलंय असं सांगून दोघं आले होते, गाइडला फोन लावल्यावर दोघंही पाणी प्यायला गेले.

नमुना पाठवायचा कसा?

डीएससी-टीजीएसाठी दोन ग्रॅम पुरतात, ढिगाच्या चाचणीसाठी २५० ग्रॅम धरा. रुंद तोंडाची कोरडी प्लास्टिकची किंवा काचेची बाटली, सोबत एसडीएस आणि पदार्थ शेवटी कशात वाळवला त्याची एक ओळ. राहिलेला मेथेनॉल किंवा ॲसिटोन आलेखात स्वतःचं इंधन म्हणून बोलतो आणि आम्ही दिवसभर भूत शोधत बसतो. बाटलीभोवती कापूस, भुसा, रद्दी कोंबू नका. कुरिअरवाल्याला 'पावडर आहे' एवढंच सांगून सोपवू नका, आत काय आहे ते कागदावर लिहून द्या.

गोणीचा तुकडाही तपासून मिळेल का?

मिळेल. वाळलेला, झिपच्या पिशवीत, तळहाताएवढा. आणि त्याच गठ्ठ्यातली एक कोरी गोणी असेल तर तिचाही तुकडा पाठवा, तुलनेला लागतो.